टायटॅनियम ॲल्युमिनाइडला ८५० अंशांवर का नेत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टर्बोचार्जरच्या टर्बाइन चाकासाठी ४८-२-२ हा टायटॅनियम ॲल्युमिनाइडचा ओतीव मिश्रधातू विचारात आहे. म्हणजे अणूंच्या प्रमाणात ४८ टक्के ॲल्युमिनियम, २ टक्के क्रोमियम, २ टक्के नायोबियम आणि उरलेलं टायटॅनियम. त्याच्या गुणधर्मांच्या तक्त्यात ७५० अंश सेल्सिअसची यील्ड स्ट्रेंथ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) खोलीच्या तापमानापेक्षा फारशी उतरलेली दिसत नाही आणि एलाँगेशन (तुटण्याआधीचं लांबणं) तर कितीतरी वाढलेलं दिसतं. मग विमानाच्या इंजिनात हा धातू ७५०च्या पुढे का नेत नाहीत? आणि आपण तो ८५०ला चालवला तर काय बिघडेल?

या धातूची वरची मर्यादा टेन्साइल, म्हणजे खेचून मोजलेल्या, ताकदीवरून ठरतच नाही. ती ठरते क्रीपच्या (सततच्या भाराखाली गरम धातू हळूहळू लांबत जाण्याच्या) सुरुवातीच्या टप्प्यावरून, पृष्ठभागावर हवेचा काय परिणाम होतो त्यावरून, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गरम राहून परत थंड झालेला भाग किती ठिसूळ झालेला असतो त्यावरून. यातली तिसरी गोष्ट तक्त्यात नसते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. माझी बरीच वर्षं क्रीप आणि फटीगच्या (पुन्हा पुन्हा भार देऊन तुटेपर्यंतच्या) चाचण्या करण्यात गेली आहेत, आणि हा तक्ता पाहून ‘मग ८५० का नको’ असं विचारणारे अनेक चांगले इंजिनिअर मला भेटले आहेत. प्रश्न चुकीचा नाही, तक्ता अपुरा आहे.

आधी तक्त्यातल्या आकड्यांचा अर्थ लावू. ४८-२-२ मधला मुख्य घटक म्हणजे गॅमा फेज (फेज म्हणजे ठरावीक अणुरचनेचा घटक). तिच्यात टायटॅनियमच्या आणि ॲल्युमिनियमच्या अणूंचे थर एकाआड एक रचलेले असतात. अशा क्रमबद्ध रचनेत डिस्लोकेशन (स्फटिकातले रेषीय दोष, ज्यांच्या सरकण्याने धातू वाकतो) सरकवणं अवघड असतं, आणि तापमान वाढलं तरी तो क्रम वितळबिंदूच्या जवळ जाईपर्यंत मोडत नाही. गॅमाच्या एकस्फटिकात तर काही दिशांना ६०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात ताकद वाढतेसुद्धा. बहुस्फटिकात त्याचं रूप एवढंच दिसतं की ताकदीची रेषा सातशेच्या आसपासपर्यंत जवळजवळ सपाट राहते. ओतीव ४८-२-२ची यील्ड स्ट्रेंथ मुळात ३०० ते ३५० मेगापास्कल, म्हणजे बेताचीच. ती टिकून राहते हा तिचा गुण. घनता सुमारे ४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तर निकेल सुपरअलॉयची (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूची) ८ च्या आसपास. फिरणाऱ्या भागावर अपकेंद्री ताण घनतेच्या प्रमाणात येतो, म्हणून त्याच आकाराचं, त्याच वेगाने फिरणारं चाक या धातूचं केलं तर ताण निम्म्यावर येतो. सगळं आकर्षण इथेच आहे. जीई कंपनीच्या जीईएनएक्स या विमान-इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांत ४८-२-२ची ओतीव पाती घातली गेली आणि २०११ साली ही इंजिनं सेवेत आली. एअर इंडियाच्या बोइंग ७८७-८ विमानांनाही जीईएनएक्सच आहे. शेवटचे टप्पे निवडले, कारण तिथे पाती लांब असल्यामुळे वजनाची बचत मोठी आणि वायू मात्र बराच निवलेला.

आता एलाँगेशन. खोलीच्या तापमानाला ते एक ते दोन टक्के असतं आणि सुमारे ६०० ते ८०० अंशांच्या दरम्यान एकदम वाढतं. ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावर लिप्सिट, शेख्टमन आणि शाफ्रिक यांनी हे वर्तन अभ्यासून १९७५ साली प्रसिद्ध केलं. (यातले डॅन शेख्टमन म्हणजे पुढे क्वासिक्रिस्टलच्या शोधासाठी २०११चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले.) या तापमानाला डिस्लोकेशनना आपलं प्रतल सोडून वर चढता येऊ लागतं आणि जुळे स्फटिकही सहज तयार होतात. चढण्यासाठी अणूंचं विसरण (जागा बदलत सरकणं) लागतं आणि विसरणाला वेळ लागतो. म्हणून ठिसूळपणाकडून तन्यतेकडे जाण्याचं तापमान हा या धातूचा ठरलेला स्थिरांक नाही, तो ताणाच्या वेगावर, म्हणजे धातू किती झपाट्याने ताणला जातो त्यावर, अवलंबून असतो. सावकाश खेचलं तर साडेसहाशेच्या आसपास तन्यता दिसते. वेग काही हजारपटींनी वाढवला तर तेच तापमान शंभरेक अंशांनी वर सरकतं.

तुमच्या तक्त्यातलं ७५०चं एलाँगेशन मंद वेगाच्या टेन्साइल चाचणीतून आलेलं आहे. चालत्या टर्बाइनमध्ये कार्बनचा किंवा गंजाचा कण पात्यावर आदळतो तेव्हा ताणाचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो. त्या क्षणी ७०० अंशांवरचं पातंही खोलीच्या तापमानाला असल्यासारखंच वागतं. ‘गरम आहे म्हणजे मऊ आहे’ हा समज इथे घातक ठरतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनाचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. त्याच्या लो-प्रेशर टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यातली पाती सुरुवातीला घडीव टायटॅनियम ॲल्युमिनाइडची होती. त्या टप्प्यातली पाती तुटून इंजिनं बंद पडण्याच्या घटना झाल्या, आणि २०१९ मध्ये डीजीसीएने (भारताच्या नागरी विमान नियामकाने) इंडिगोला ए-३२० निओ विमानांवर सुधारित लो-प्रेशर टर्बाइनची इंजिनं बसवायला मुदत घालून दिली. नव्या पात्यांसाठी आघात जास्त सोसणारा धातू घेतला गेला. ताकद किंवा क्रीप कमी पडल्यामुळे हे घडलं नव्हतं.

आता क्रीपकडे येऊ, कारण ८५०चा प्रश्न सगळ्यात आधी इथेच अडतो.

क्रीपचा वेग तापमानाबरोबर घातांकी पद्धतीने वाढतो. या मिश्रधातूंसाठी क्रीपची सक्रियण ऊर्जा (तापमानाला तो किती संवेदनशील आहे हे सांगणारा आकडा) साधारण ३०० ते ४०० किलोजूल प्रति मोल धरली जाते. ३५० घेऊन हिशेब केला, तर ७५०वरून ८५० अंशांवर गेल्यावर त्याच ताणाखाली क्रीपचा वेग सुमारे ४० पट होतो. ऊर्जा ३०० धरली तर २३ पट, ४०० धरली तर ६५ पट. म्हणजे ७५०ला १,००० तासांत जेवढं लांबलं असतं, तेवढं ८५०ला साधारण २५ तासांत लांबेल. पात्याचं टोक आणि केसिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशात ठेवलेली असते, तिथे हे परवडत नाही.

घनता कमी असल्याचा फायदा इथेही धरायला हवा. मधल्या ताणांच्या पट्ट्यात या धातूंचा ताण-घातांक (ताणाच्या कितव्या घाताने क्रीपचा वेग वाढतो तो आकडा) ४ ते ६ च्या आसपास असतो. तो ५ धरला तर ताण निम्मा झाल्यावर क्रीपचा वेग सुमारे ३२ पट कमी होतो. म्हणून निकेलशी तुलना करताना दोघांना समान ताण लावू नका. निकेलला ३०० मेगापास्कल येत असेल तर याला १५० येतील, तेवढेच धरा. ही तुलना योग्य रीतीने केली की ७५०च्या आसपासपर्यंत टायटॅनियम ॲल्युमिनाइड बऱ्याच जुन्या ओतीव निकेल मिश्रधातूंच्या बरोबरीने उभा राहतो. त्याच्या पुढे मात्र तो झपाट्याने मागे पडतो.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. क्रीपच्या आलेखात जो लांबलचक स्थिर टप्पा पाठ्यपुस्तकात दाखवतात, तो या धातूत जवळजवळ नसतो. सुरुवातीला वेग उतरत जातो, साधारण एक-दोन टक्के स्ट्रेनवर (मूळ लांबीच्या एवढे टक्के लांबल्यावर) तो किमान होतो आणि लगेच परत चढायला लागतो. डिझाइनमध्ये मान्य स्ट्रेन मात्र ०.२, ०.५, फार तर १ टक्का असते. म्हणजे आपल्या उपयोगाचं सगळं आयुष्य पहिल्या टप्प्यातच संपतं. किमान क्रीप वेगाची तुलना करणारा आलेख शोधनिबंधात सुंदर दिसतो, पण तुमच्या चाकाच्या आयुष्याबद्दल तो फार थोडं सांगतो. दोन मिश्रधातूंचा किमान वेग सारखा असूनही एकाला ०.५ टक्का गाठायला दुसऱ्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. पुरवठादाराकडे ०.२ आणि ०.५ टक्क्याला लागलेले तास मागा. ७६० अंश आणि १४० मेगापास्कलच्या आसपासची चाचणी या क्षेत्रात नेहमीची आहे, तिथून सुरुवात करता येईल.

पहिला टप्पा इतका मोठा का असतो? गॅमाच्या थरांमध्ये अल्फा-२ नावाच्या फेजचे, म्हणजे टायटॅनियम जास्त असलेल्या ॲल्युमिनाइडचे, पातळ थर असतात. पत्त्यांच्या जोडासारखी ही रचना प्रत्येक ग्रेनमध्ये (धातूतल्या एकेका स्फटिक-कणात) वेगळ्या दिशेला कललेली असते. भार पडल्याबरोबर थरांच्या सीमांमधून डिस्लोकेशन सुटतात आणि गॅमाच्या थरात फुगत जातात. हा स्ट्रेन लगेच मिळतो. शिवाय उष्णता-प्रक्रियेनंतर भाग पटकन थंड केला असेल तर अल्फा-२चं प्रमाण समतोलापेक्षा जास्त अडकून राहतं. मग वापराच्या तापमानाला भाराखाली ती विरघळून गॅमा होऊ लागते, आणि त्या बदलातूनही स्ट्रेन येतो. म्हणून शेवटी ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान काही तास धरून रचना स्थिर करून घेतात. या एका पायरीने पहिल्या टप्प्यातला स्ट्रेन स्पष्ट कमी होतो. खर्च वाचवायला ही पायरी गाळलेली मी पाहिली आहे. टेन्साइल चाचणीत त्याचा पत्ताही लागत नाही, क्रीपमध्ये लागतो.

सूक्ष्मरचनेची निवड हा या धातूतला कायमचा पेच आहे. पूर्ण थरांची रचना क्रीपला आणि तडा अडवायला चांगली, फ्रॅक्चर टफनेस (तडा वाढू न देण्याची क्षमता) २० ते ३० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटरपर्यंत जातो, पण ग्रेन मोठे राहतात आणि खोलीच्या तापमानाची तन्यता एक टक्क्याच्या खाली येते. गॅमाचे बारीक ग्रेन आणि थरांच्या वसाहती मिसळलेली डुप्लेक्स रचना तन्यतेला चांगली, पण तिचा टफनेस १० ते १६ एवढाच आणि क्रीपही कमजोर. ४८-२-२ बहुधा डुप्लेक्सच्या बाजूला ठेवून वापरतात, कारण एक-दीड टक्का तन्यता नसेल तर भाग जोडतानाच मोडण्याची भीती. ८५०साठी तुम्ही पूर्ण थरांकडे वळलात तर क्रीपमध्ये थोडं मिळवाल, पण कार्यशाळेत गमवाल.

ओतीव चाकात आणखी एक अडचण असते. साच्याच्या भिंतीपासून आत वाढणाऱ्या ग्रेनमध्ये थर बरेचदा भिंतीला समांतर बसतात. थरांच्या दिशेनुसार ताकद दुपटी-तिपटीने बदलते: ताण थरांना समांतर किंवा काटकोनात असेल तर धातू कणखर, मधल्या कोनात मऊ. त्यामुळे वेगळ्या ओतलेल्या गोल कांबीचा आकडा पातळ पात्याला लागू होईलच असं नाही. शक्य असेल तर लहान नमुने चाकाच्या मध्यभागातून आणि पात्याच्या मुळातून कापून घ्या.

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

गॅमामध्ये ॲल्युमिनियम ४८ टक्के असलं, तरी पृष्ठभागावर ॲल्युमिनाचा अखंड थर बसत नाही. टायटॅनियमलाही ऑक्सिजन तितकाच प्रिय, त्यामुळे टायटॅनियम डायऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचा मिश्र थर वाढतो आणि तो संरक्षण देत नाही. ७५० ते ८०० अंशांच्या पुढे हा थर जाड होतो, भाग गरम-थंड होताना सोलतो, आणि धातूचा उपयुक्त छेद कमी होत जातो. ८५०ला लेप नसलेल्या ४८-२-२चं हेच होईल.

पण सोलणं दिसतं तरी. त्याआधीचं नुकसान दिसतही नाही. ६५० ते ७५० अंशांवर, म्हणजे ऑक्सिडीकरण किरकोळ मानलं जातं त्या पट्ट्यात, हवेत काही दहा तास राहिलेला नमुना खोलीच्या तापमानाला खेचला की त्याची तन्यता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेली आढळते. थराची जाडी अवघी काही मायक्रॉन. कारण असं की ऑक्साइडच्या लगेच खालचा धातू ऑक्सिजन शोषून ठिसूळ झालेला असतो. त्याला छोटा तडा गेला की आत तडा रोखायला पुरेशी तन्यता मुळातच नसते. तोच नमुना वरून काही दहा मायक्रॉन घासून, पॉलिश करून खेचला तर गेलेली तन्यता बरीचशी परत मिळते. यावरून नुकसान पृष्ठभागाचं आहे हे कळतं. लांब काळाच्या एक्स्पोजरमध्ये आतलाही वाटा येतो: अल्फा-२ विरघळते, तिने धरून ठेवलेला ऑक्सिजन सुटतो, नवीन कण तयार होतात. ७०० अंशांवर १०,००० तासांपर्यंत ठेवलेल्या नायोबियमयुक्त मिश्रधातूंच्या अभ्यासांत हा बदल दिसलेला आहे, आणि तो घासून परत मिळवता येत नाही.

म्हणून चालू इंजिनात, सावकाश भाराखाली, ७५०ला हा धातू बऱ्यापैकी सुरक्षित असतो. धोका असतो तो इंजिन बंद झाल्यावर, थंड चाक पुन्हा सुरू करताना, किंवा दुरुस्तीसाठी उघडल्यावर कोणी पात्यावर पाना टेकवला तेव्हा. थर्मोमेकॅनिकल फटीगमध्ये, म्हणजे तापमान आणि भार दोन्ही बदलत ठेवणाऱ्या चाचणीत, हेच स्पष्ट दिसतं. तापमान आणि ताण एकाच वेळी चढवले तर आयुष्य बरं मिळतं. गरम असताना दाब आणि थंड होताना ताण असं उलट चक्र दिलं तर आयुष्य फार घटतं, कारण गरम असताना दाबाखाली धातू थोडा शिथिल होतो आणि थंड होताना तो फरक ताण म्हणून ठिसूळ पृष्ठभागावर येतो. टर्बोच्या चाकात मधल्या जाड भागाच्या आधी पातळ पाती तापतात, म्हणजे गाडी जोरात पळवताना पात्यांच्या कडांवर अगदी हेच चक्र येतं.

साध्या फटीगमध्येही एक वैशिष्ट्य आहे. एस-एन रेषा (ताण आणि तुटेपर्यंतची चक्रं यांचा आलेख) जवळजवळ सपाट असते. मर्यादेच्या खाली नमुना संपत नाही, जरा वर गेला की लगेच तुटतो. तडा वाढायला लागण्याची मर्यादा आणि तुटण्याची मर्यादा यांत अंतर इतकं कमी असतं की ‘तडा सापडला की भाग बदलू’ हे धोरण चालत नाही. तडा वाढूच नये असं धरून ताण ठेवावा लागतो.

८५० हवंच असेल तर मार्ग आहेत का? थोडे आहेत. नायोबियम ५ ते १० टक्क्यांपर्यंत नेलं की विसरण मंदावतं, ऑक्सिडीकरण कमी होतं आणि ताकद वाढते. थोडं कार्बन घातलं तर बारीक सुईसारखे कार्बाइड डिस्लोकेशन अडवतात. टंगस्टन आणि सिलिकॉनही क्रीपसाठी उपयोगी. टीएनएम जातीत (४३.५ टक्के ॲल्युमिनियम, ४ नायोबियम, १ मॉलिब्डेनम, ०.१ बोरॉन) बीटा फेज मुद्दाम ठेवतात, कारण तिच्यामुळे धातू फोर्ज करता येतो. पण तीच बीटा नंतर उरली तर क्रीप बिघडवते, म्हणून फोर्जिंगनंतरच्या उष्णता-प्रक्रियेत ती कमी करावी लागते. चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनी २०१६ साली ४५ टक्के ॲल्युमिनियम आणि ८ टक्के नायोबियमच्या मिश्रधातूत सगळे थर एकाच दिशेला वळवलेला स्फटिक वाढवून खोलीच्या तापमानाला ६.९ टक्के तन्यता आणि ७०८ मेगापास्कल यील्ड स्ट्रेंथ मिळवली. ९०० अंशांवरचा त्याचा क्रीपही उत्तम होता. तो सरळ सळईचा स्फटिक आहे. वळणदार पात्यांच्या चाकात ती दिशा सगळीकडे ताणाच्या रेषेत बसवणं हे वेगळंच काम आहे.

या प्रवासात आपल्या देशाचाही खरा वाटा आहे. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेत दीपंकर बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली टायटॅनियम-ॲल्युमिनियम-नायोबियम प्रणालीतली ऑर्थोऱ्हॉम्बिक फेज दाखवली, आणि तिच्यावरून मिश्रधातूंचं एक अख्खं कुटुंब जगभर तयार झालं. ते मिश्रधातू खोलीच्या तापमानाला जास्त तन्य असतात. पण घनता पाचाच्या वर आणि वापर साधारण ६५०-७०० अंशांपर्यंत, म्हणून तुमच्या चाकासाठी ते सुचवणार नाही.

तुमच्या चाकाबद्दल माझं मत असं. डिझेल इंजिन असेल आणि धातूचं तापमान ७५०च्या आत ठेवता येत असेल तर ४८-२-२ घ्या, चाक लवकर फिरू लागण्याचा फायदा खरा आहे. मित्सुबिशीने १९९९च्या लान्सर इव्होल्यूशन ६ च्या काही आवृत्त्यांत टायटॅनियम ॲल्युमिनाइडचं चाक दिलं होतं ते याचसाठी. धातू सलग ८५०ला राहणार असेल तर निकेलवरच थांबा. वायूचं तापमान आणि धातूचं तापमान यांत गल्लत करू नका, पात्याच्या मुळाशी धातू वायूपेक्षा बराच थंड असतो.

चाचण्या करणारच असाल तर नमुना हवेत अपेक्षित तापमानाला किमान १०० तास ठेवून मग खोलीच्या तापमानाला खेचा. पृष्ठभाग तसाच ठेवा, घासू नका. एक टक्का तन्यतेच्या धातूत जबड्यांचा थोडासा वाकडेपणाही सगळा निकाल खातो, म्हणून चारी बाजूंनी स्ट्रेन गेज लावून अलाइनमेंट तपासा. आट्यांऐवजी बटन-हेड नमुने वापरा. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) मधल्या भागावर स्पॉट-वेल्ड करू नका, तडा तिथूनच सुरू होतो, फक्त बांधून ठेवा. एक्स्टेन्सोमीटरच्या (लांबणं मोजणाऱ्या उपकरणाच्या) सिरॅमिक दांड्यांचा दाब अगदी हलका हवा. आणि निकालाच्या कागदावर तापमानाबरोबर ताणाचा वेगही लिहा, कारण तो नसेल तर सहाशेच्या वरचा एलाँगेशनचा कोणताही आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही.